खडवलीच्या सेनापतीला तू दिलेलं मत

मिल्या, तुझ्या पुण्यानुमोदनाला मी रडले नाही, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. तुझ्या बायकोच्या, सुजाताच्या मावशीने तर शेजारच्या बाईला विचारलंसुद्धा, "ही कोण गं, कोपऱ्यात दातओठ खात बसलीय ती?" मानपाड्याच्या त्या हॉलमध्ये पुढे हार घातलेला तुझा फोटो, मागे फलकावर 'कालकथित मिलिंद', पांढऱ्या साड्यांच्या रांगा. वंदना झाली, मग एकेक जण माइकवर येऊन तुझ्याबद्दल चांगलं बोलून गेला. मी मात्र मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. कारण वंदना सुरू व्हायच्या जरा आधी, बाहेर चपला काढायच्या जागी, मला कळलेलं की तू त्याला मत दिलंस. मला सोडून त्याला.

मला पण बोलायला बोलावलेलं. तुझ्या कंपनीतल्या त्या गोऱ्या माणसाने नाव पुकारलं, "मिलिंदच्या जवळच्या मैत्रीण..." मी हाताने नको नको केलं. लोकांना वाटलं, बाईला हुंदका आला. हुंदका कसला डोंबलाचा! माइक हातात आला असता तर मी भर सभेत तुझी बिनपाण्याने केली असती. सुजाताकडे बघून गप्प बसले. तिथे राहिलेलं भाषण आता इथे करते, आणि तू मध्ये बोलू शकत नाहीस ते एक बरंय.

सुजाता हे वाचणार, तिची मावशी पण वाचेल, म्हणून आधी नीट सांगते. आपला खेळ म्हणजे पोरं मोबाइलवर अंगठे आपटून गोल मारतात तसला नाही. इथे आपण क्लबचे मालक. कॉम्प्युटर आपल्याला खेळाडू देतो, आपण त्यांना घडवायचं, विकायचं, घ्यायचं, संघ लावायचा. मॅच आपली आपण होते आणि आपण नुसतं वाचत बसायचं, कोणी पास दिला, कोणी घालवला. प्रत्येक देशाचा एक वीस वर्षांखालचा संघ असतो आणि त्याचा मॅनेजर त्या देशातले खेळणारे मतदान करून निवडतात. पगार नाही, मान नाही, बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील. असल्या बिनपगारी खुर्चीसाठी आपण दोघांनी इतकी वर्षं जीव टाकला.

माझा क्लब 'कोपरी कोळंबी', तुझा 'मानपाडा मजदूर'. पहिला अख्खा हंगाम तू मला पुरुष समजत होतास. "भावा, तुझा लेफ्ट बॅक विकतोस का?" असे मेसेज. मग एकदा फोन केलास आणि माझा आवाज ऐकून गडबडलास.

"अरे, म्हणजे... तुम्ही बाई आहात?"

"का? बायकांना ऑफसाइड कळत नाही?"

तेव्हापासून तू मला 'बाई' म्हणायला लागलास. माझ्या नवऱ्याने, आईने, लॅबमधल्या कुणी मला कधी तसली हाक मारली नाही. मी कोपरीच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, तू एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्ट करायचास, आणि दोघं मिळून हजार कोसांवरच्या कुणा अनोळखी माणसाला विनवायचो की बाबा रे, तुझ्या क्लबातला तो पोरगा विकू नकोस, त्याला हेडिंग शिकव, देशाला लागणार आहे. ह्या खेळात ही एक गंमत आहे. देशाचा पोरगा घडवायचा तर ज्याच्याकडे तो आहे त्याने आपल्या क्लबचं वाटोळं करून घ्यायचं, कारण क्लब एका वेळी एकच कसब शिकवू शकतो. पोराच्या पायात जोर येतो तोवर आपली बाकीची टीम गंजते. असा भाबडेपणा लोकांकडून करवून घ्यायला तुझ्यासारखी जीभ लागते. तू गोड बोलून माणसाला खड्ड्यात उडी मारायला लावायचास, वर तो तुझे आभार मानायचा.

रविवारी देशाची मॅच असली की मी तुमच्याकडे. सुरुवातीला सुजाता माझ्याकडे अशी बघायची की चहा पण घशाखाली उतरायचा नाही. तिचं बरोबरच होतं. नवऱ्याची कुठली तरी ऑनलाइन मैत्रीण दर रविवारी ठाण्याहून येते आणि दोघं स्क्रीनकडे बघून "मार ना, मार ना, अरे गाढवा!" असं ओरडतात, हे कुठल्या बाईला पटेल? मग एका मॅचला तिने सुकटीची चटणी आणि भाकरी पुढे ठेवली आणि स्वतःच विचारलं, "हा लेफ्ट बॅक कोण आहे? सारखा चुकतो तो?" त्या दिवसापासून ती आपली झाली.

आणि तुमच्या घरच्या वायफायने घात केला. एकाच वायफायवरून दोन क्लब उघडले की खेळ दोघांच्या नावापुढे एक खूण करतो, कारण एकाच माणसाने दोन क्लब चालवणं म्हणजे इथलं सगळ्यात मोठं पाप. आपण दोघं वेगळे आहोत हे आधीच कळवून ठेवायचं असतं. मी तुला म्हटलेलं, कळवूया. तू म्हणालास, "कोण बघतंय बाई?"

बघणारा बघत होता. तू पहिल्यांदा मॅनेजरपदाला उभा राहिलास, सगळे तुझ्या बाजूने, आणि मतदान संपत आलेलं असताना 'सेनापती' नावाच्या तुझ्या विरोधकाने देशाच्या पानावर लिहिलं: 'कोपरी कोळंबी नावाची कुणी बाई नाही. तो मिलिंदचाच दुसरा क्लब आहे. ज्याला शंका असेल त्याने खुणा बघाव्या.' झालं, सगळे तुटून पडले. मी लिहिलं, अहो मी आहे. माझा फोटो टाकला. तर एक जण म्हणतो, मामेबहिणीला उभं केलंय. दुसरा म्हणतो, बायका असले खेळ खेळतच नाहीत, इथेच पकडला गेला. मी टाइप करत होते, मी जिवंत आहे, मी ठाण्यात राहते, माझ्याशी फोनवर बोला, आणि समोर लोक हसत होते, बघा, मिलिंद बाईचा आवाज काढतोय. तुला ते लोक लबाड म्हणाले. मला ते नाहीच म्हणाले. तू हरलास. नंतर खेळ चालवणाऱ्यांनी तपास करून एका ओळीत कळवलं की दोन्ही क्लब वेगळ्या व्यक्तींचे आहेत. ती ओळ कुणी वाचलीसुद्धा नाही.

तू हसलास. मानपाडा रोडवर भजी खाताना मला म्हणालास, "चल, निदान तू माझी कल्पना आहेस हे तरी ठरलं. कल्पना जरा बरी करायला हवी होती." मी भजी खाली ठेवली आणि तुला सांगितलं की ह्या माणसाला मी सोडणार नाही. ज्या खुर्चीवर तो खोटं बोलून बसलाय तिथून त्याला मीच खाली खेचणार, आणि मी नाहीच म्हणणाऱ्याला मी हरवणार. तू म्हणालास, "सोड ना बाई, खेळ आहे." मी म्हटलं, तुझ्यासाठी असेल. त्या वादाला आपण कधी पुरं केलं नाही. दर रविवारी थोडा थोडा घालायचो, जेवण आलं की थांबवायचो.

मग तुझे डोळे पिवळे झाले. मी बघताक्षणी म्हटलं, उद्या लॅबला ये. तू म्हणालास, साधी कावीळ आहे, येतो. आला नाहीस. इतकी वर्षं तुझं, सुजाताचं, तुमच्या पोरीचं रक्त मी काढलं, घरी येऊन काढलं, तू सुईला घाबरतोस म्हणून बोलण्यात गुंतवून काढलं. आणि ह्या वेळी तू गुपचूप कल्याणला जाऊन तपासण्या केल्यास. कारण रिपोर्ट माझ्या हातात पडला असता तर एका नजरेत मला कळलं असतं. मला फसवायला तुला कल्याण गाठावं लागलं, इतकी तर माझी किंमत तू ठेवलीस म्हणायची. आणि त्या तुझ्या कल्याणच्या लॅबवाल्याने सुई नीट टोचली तरी का रे? सुजाता सांगत होती, हात काळानिळा झालेला.

निवडणूक तोंडावर आलेली आणि तू क्लब बंद केलास. मला म्हणालास, "कंटाळा आलाय बाई." क्लब बंद करणाऱ्याला ह्या खेळात आपला एक खेळाडू दुसऱ्याच्या हवाली करता येतो, आणि त्या हंगामापुरतं त्याचं मत शाबूत राहतं. तू लालरिनला माझ्याकडे पाठवलंस. लालरिन कुलकर्णी! कॉम्प्युटर नावं जोडतो ती अशीच, अर्धं मिझोरामचं, अर्धं सदाशिव पेठेचं. तू त्याला अठराव्या वर्षापासून घडवत होतास आणि सगळ्यांना सांगायचास, "कुलकर्ण्यांचा पोरगा आमच्या मजदूर संघात घाम गाळतोय, बघून घ्या." देशातला त्या वयाचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर. तो माझ्याकडे आला आणि मी आभार मानायचे सोडून फोनवर तुझ्यावर किती ओरडले! म्हटलं, मी उभी राहतेय आणि तू पळतोयस? भित्रा आहेस. तू ऐकून घेतलंस. एवढंच म्हणालास, "त्याला फिनिशिंगला घाल." म्हणजे गोल मारायला शिकव. मला काय माहीत, तू कुठल्या गावाला निघालेलास ते. सांगितलं असतंस तर नसते ओरडले. नाही, ओरडलेच असते, पण दुसऱ्या गोष्टीवरून.

मी उभी राहिले. जाहीरनाम्याची पहिली ओळ लिहिली: 'मी आहे.' आणि हरले, अगदी थोडक्या मतांनी. तुला फोन केला तर तू किती सावकाश, किती मायेने म्हणालास, "अगं, थोडक्यात गेली. पुढच्या वेळी बघू." त्या आवाजावर मी विश्वास ठेवला. नंतर फोन आला तो सुजाताचाच.

आता तो चपलांचा प्रसंग. एक बारीकसा माणूस, पांढरा फुल शर्ट, हातात हेल्मेट, माझ्याजवळ येऊन विचारतो, "मिलिंद सरांचा कार्यक्रम इथेच ना?" मी म्हटलं, हो, तुम्ही कंपनीतले का? "नाही, नाही. आम्ही ऑनलाइन फुटबॉल खेळायचो. मी खडवलीहून आलोय." आणि जरा लाजून म्हणाला, "तिथे मला सेनापती म्हणतात."

मिल्या, आपण ह्याला पुण्यात शोधला, बंगलोरला शोधला, तू तर म्हणायचास दुबईत असणार, एवढा माज तिथूनच येतो. आणि हा निघाला खडवलीचा! तिथल्या रिसॉर्टना भाजी पुरवतो म्हणे.

"मी कोपरी कोळंबी," मी म्हटलं.

तो माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिला. "म्हणजे त्या तुम्हीच..."

"मीच. खरी आहे. चिमटा काढून बघायचाय?"

तो मागे सरकला तो कुणाच्या तरी सँडलवर पाय पडून धडपडला. मला बरं वाटलं, खोटं का बोलू? मग सावरून हात जोडले त्याने. "ताई, माझं चुकलं होतं. पण मी मिलिंद सरांची माफी मागितलेली. मागच्या दिवाळीनंतरच. ते म्हणाले, झालं गेलं सोडून द्या, फक्त तिला सांगू नका, परत पेटेल. फार मोठा माणूस हो. ह्या वेळी त्यांनी मत पण मलाच दिलं."

तो हे कौतुकाने सांगत होता. त्याला वाटलं, मला माहीत आहे.

"तुम्हाला?" मी विचारलं. "का दिलं?"

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... तुम्हाला ठाऊक नव्हतं? ते म्हणाले, तिला टीम नकोय. तिला तुमची मान हवीय. त्यात पोरांची वाट लागेल." तेवढ्यात आतून वंदना सुरू झाली आणि आम्ही दोघं आत गेलो. तो माझ्या पुढच्याच रांगेत बसला. पूर्ण वेळ मला त्याचं टक्कल दिसत होतं.

आता ऐक. मत दिलंस ते दिलंस, त्याचं बघते नंतर. पण माफी? माफी तू कशी काय घेतलीस रे? तू लबाड आहेस असं तो म्हणाला, तेवढ्यापुरती माफी तुझी. घे, खिशात घाल, कर काय करायचं ते. मी नाही असं तो म्हणाला त्याची माफी माझी होती. ती माझ्या दारात यायला हवी होती. तू ती मधल्या मध्ये झेललीस, स्वतःच मोठं मन केलंस, आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस. तो म्हणाला होता की माझ्या नावाने तूच सगळं करतोस. आणि मिल्या, तू अगदी तेच केलंस! माझ्या वतीने तू क्षमा करून मोकळा झालास. त्या दिवसापासून आतापर्यंत हे आठवलं की मी काम करता करता एकटीच पुटपुटायला लागते. लॅबमध्ये एका आजींनी विचारलं, बाळा, तुला बरं नाही का? मी म्हटलं, एका मेलेल्या माणसाशी भांडण चाललंय. त्या म्हणाल्या, माझं पण चालतं, रोज.

आणि हो, मला त्याची मान हवी होती. तुझं खरं होतं. मग? मान मागायचा हक्क माझा होता. देशाची पोरं मी चांगलीच सांभाळली असती, मान हातात घेऊन सांभाळली असती.

कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांनी सेनापतीचा मेसेज आला. पात्रता फेरी जवळ आलीय, लालरिनला फिनिशिंग शिकवाल का, तो लवकरच वयाने बाहेर पडेल, हाच त्याचा शेवटचा हंगाम. वर 'मिलिंद सरांसाठी' असं पण लिहिलेलं. ते वाचलं आणि मी लालरिनला गोलकीपिंग शिकायला घातलं. देशातला सगळ्यात चांगला स्ट्रायकर, हातात मोजे घालून उड्या मारतोय! सेनापती रोज बघत असणार की पोराचं कसब एक कणही वाढत नाहीये. आणि मी रोज तुला बघत होते, कपाळावर हात मारताना. तुम्हा दोघांना एकाच गोळीने मारल्याचं समाधान होतं ते. मला त्याची लाज वाटत नाही.

त्याने विनवणी केली तेव्हा मी अट घातली. जिथे खोटं लिहिलं त्याच पानावर खरं लिही, आणि ते सगळ्यात वर ठेव, तुझी मुदत संपेपर्यंत. त्याने पहिल्यांदा लिहिलं, 'काही गैरसमजातून माझ्याकडून...' मी म्हटलं, गैरसमज नव्हता, पुसा. दुसऱ्यांदा लिहिलं, 'त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार...' मी म्हटलं, तुम्ही भाजी विकता की तहसीलदार कचेरीत आहात? मग त्याने फोन केला.

"ताई, काय लिहू? तुम्हीच सांगा, तसं लिहितो."

"मी नाही सांगणार. का केलंत ते लिहा."

पलीकडे त्याने टेम्पो बंद केला. मग म्हणाला, "मिलिंद सर जिंकत होते हो. दुसरं काय?"

"हेच लिहा."

त्याने लिहिलं: 'मिलिंद जिंकत होता म्हणून मी खोटं बोललो. कोपरी कोळंबी चालवणाऱ्या बाई खऱ्या आहेत. हे मला तेव्हाही माहीत होतं.' ती शेवटची ओळ मी मागितली नव्हती. तेव्हाही माहीत होतं! मी ती परत परत वाचली. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, कुणी 'मोठं मन' लिहिलं, त्याचंच हां, माझं नाही. बायका असले खेळ खेळत नाहीत म्हणणाऱ्याने अंगठा दाखवला. मला वाटलेलं, त्या दिवशी मी पेढे वाटेन. संध्याकाळी घरी जाऊन भांडी घासली आणि तुझ्यावरचा राग जिथे होता तिथेच होता.

रविवारी मानपाड्याला गेले. देशाची मॅच नव्हती, तशीच गेले. सुजाता कूलर धूत होती. तिला सगळं सांगितलं, मताचं पण. तिने पाइप बाजूला ठेवला.

"त्याने सेनापतीला मत दिलं ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्याच मोबाइलवरून दिलं. मोबाइल मीच धरला होता. मी म्हटलं, बाई तुला जिवंत सोडणार नाही."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, तेवढा वेळ कुठाय तिच्याकडे."

आम्ही दोघी हसलो आणि मग ती हसता हसताच रडायला लागली. म्हणाली, "शुद्धीत आला की काय विचारायचा सांगू? बाईने कुलकर्ण्याला फिनिशिंगला घातला का. मी म्हटलं, अरे माझं विचार, पोरीचं विचार! त्या खोट्या पोराचं काय लावलंयस? घातलास ना गं तू त्याला?"

गोलकीपिंग म्हणायला माझी जीभ रेटेना.

"मत त्याला दिलं," सुजाता पदराने तोंड पुसत म्हणाली, "पण पोरगा तुला दिला ना? मत काय, कुणालाही देतो माणूस."

तेव्हा मी रडले, मिल्या. हॉलमध्ये राहिलेलं सगळं तुमच्या मोरीत, कूलरच्या पाण्यात उभी राहून रडले. सुजाताला म्हणावं, मावशीला सांग. सुजाताने मला पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, जेवूनच जा. तू सगळ्या जगाशी गोड बोलायचास आणि कठीण गोष्टी ह्या बाईवर टाकून जायचास, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. तिचे आभार मी वेगळे मानीन. तुझे पण मानते, लालरिनसाठी, आणि मी पुरुष नाही हे कळल्यावरही लेफ्ट बॅकचा भाव कमी न केल्याबद्दल.

घरी जाऊन लालरिनचे मोजे काढले आणि त्याला फिनिशिंगला घातलं. माझा बचाव गंजला. ज्या मॅच झोपेत जिंकायचो त्या हरायला लागलो. कोपरी कोळंबी खालच्या विभागात घसरली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पण पोरगा असा तयार झाला की काय सांगू! सेनापतीला त्याला घ्यावंच लागलं. देशाच्या यादीत खेळाडूच्या नावापुढे क्लबचं नाव येतं, तुला माहीतच आहे. तर दर मॅचला सेनापती स्वतःच्या हाताने संघ लावतो आणि वर मध्यभागी लागतं: लालरिन कुलकर्णी, कोपरी कोळंबी. जो क्लब नाहीच म्हणत होता त्या क्लबाशिवाय त्याचा संघ उभा राहत नाही. ही शिक्षा त्याला मी सुचवली असती तरी इतकी बेतशीर जमली नसती.

पात्रता फेरीत आपण हरलो. आपण हरतोच. पण एक गोल झाला आणि तो लालरिनचा. सुजाता, तुझी पोरगी आणि मी, तिघी ओरडलो तर खालच्या मजल्यावरचे वर आले काय झालं बघायला. 'कोपरी कोळंबीच्या कुलकर्णीने चेंडू जाळ्यात मारला' असं स्क्रीनवर आलं आणि मी तुझ्या खुर्चीकडे वळून म्हटलं, बघ, हरामखोरा. तुझी पोरगी म्हणाली, काकू, पप्पांना शिवी नको देऊस. मी म्हटलं, तुझ्या पप्पांनाच देतेय, बाकी कुणाची तेवढी लायकी नाही.

परवा सेनापतीचा फोन आलेला. आता तो मला बाई म्हणायला गेला, मी म्हटलं, ताईच म्हणा, बाई म्हणायचं नाही. मग म्हणाला, "ताई, आता आपलं मिटलं ना?" मी म्हटलं, तुमचं तुम्ही लिहून दिलंत, ठीक आहे. पण निवडणूक लागली की मी तुमच्यासमोर उभी आहे, आणि तुमची मान मला अजून हवीय. तो हसला, घाबरून हसला. म्हणाला, ह्या वेळी तुम्हीच याल, लोक तुमच्या बाजूने आहेत, आणि मिलिंद सरांचं मत पण आता माझ्याकडे नाही.

त्यावर मी फोन ठेवला. मला ते चालत नाही, मिल्या. तुझं मत कमी झालं म्हणून मिळालेली खुर्ची मला नको. मला तू समोर हवायस, पुरा शुद्धीवर, तुझ्या त्या गोड जिभेसकट, आणि तुला हरवून मला ती हवीय. ऊठ, आणि दे माझ्याविरुद्ध मत.